डार्ट कुठे बसवायचा?

हरणावर नेम कुठे धरायचा, हा शिकाऱ्यांचा प्रश्न 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मिटवला. आपला, भुलीचा डार्ट मारणाऱ्यांचा, मिटलेला नाही. चिंकारा आणि काळवीट दोन्ही अनुसूची एकमध्ये येतात. कायद्याच्या व्याख्येत वन्यप्राणी पकडणे हीदेखील शिकारच, त्यामुळे डार्ट भरण्याआधी मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी हातात हवी.

माण तालुक्यातल्या उघड्या माळावरचा चिंकारा जेमतेम वीस-पंचवीस किलोंचा. बिबट्यासाठी लावलेल्या दाबाने सोडलेला डार्ट त्याच्या मांडीचे हाड सहज मोडतो. जागा एकच: मागच्या मांडीचा वरचा, मांसल भाग. जनावर उभे आणि कुशीकडून समोर असावे किंवा किंचित पाठमोरे. चितळ-सांबराला खांद्याचा स्नायू चालतो. चिंकाऱ्याचा खांदा पातळ, लगेच बरगड्या आणि फुप्फुस. पोटात गेलेली सुई कोठीपोट फोडते आणि भूलही नीट चढत नाही. पळत्या हरणावर डार्ट सोडूच नका. माळावरचा आडवा वारा हलक्या डार्टला वाहवत नेतो, म्हणून अंतर मोजून घ्या, अंदाजावर जाऊ नका.

डार्ट बसला की मागे व्हा. झायलाझिन-केटामाइन चढायला काही मिनिटे लागतात, तेवढ्यात गर्दीने पाठलाग केला तर हरीण ऊर फुटेस्तोवर धावते. स्नायूंची झीज होऊन, वरकरणी सुखरूप सोडलेले जनावर चार दिवसांनी मरते. आपल्या हातून सर्वांत जास्त हरणे अशीच जातात, असे माझे स्पष्ट मत आहे. जनावर आडवे झाले की छातीवर बसवा, मान उंच आणि तोंड खाली ठेवा, डोळे झाका, गुदद्वाराचे तापमान घ्या. 41 अंशांवर गेले तर लगेच पाणी ओता. योहिम्बिन झायलाझिन उतरवते, केटामाइन नाही. म्हणून उताऱ्याची घाई नको.

विहिरीतल्या हरणासाठी तर बंदूक जीपमध्येच राहू द्या. भूल चढलेले जनावर पाण्यात बुडते. तिथे जाळे, दोर, डोळ्यांवर कापड आणि काठावरची शांतता एवढेच लागते. उघड्या विहिरींना कठडे बांधून घेण्यासाठी ग्रामपंचायतीमागे लागणे हेही आपलेच काम आहे.

सागरेश्वर अभयारण्य परिसरातले शेतकरी पिकांचे नुकसान सांगतात, ते खरे आहे. पण कळपच्या कळप डार्टने हलवता येत नाहीत. मध्य प्रदेशात शाजापूरकडे 2025 मध्ये काळवीट हेलिकॉप्टरने हाकून बोमात, म्हणजे नरसाळ्यासारख्या कुंपणात, भूल न देता पकडले गेले. आपल्याकडे त्याचा विचार व्हायला हवा.

प्रत्येक डार्टची नोंद ठेवा: अंतर, दाब, सुई बसलेली जागा, तापमान, नंतरचे काही दिवस. फसलेल्या प्रयत्नांच्या नोंदी आम्हाला आधी पाठवा. पुढच्या अंकात त्यांनाच पहिली जागा देऊ.