सोबत्यांची खबरबात

आमच्या बी.एड.च्या सोबत्यांची खबरबात वडनेरला बसून आम्हांला मिळत असते. पूर्वी ती नोकरीची, निकाहची, अकीक्याची असे. आता गुडघे, साखर, मुलीसाठी स्थळ. दोघे तर अल्लाहला प्यारे झाले.

सध्या मात्र सगळ्यांच्या तोंडी टीईटी आहे. १ सप्टेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या ज्या शिक्षकांची पाच वर्षांहून अधिक नोकरी उरली आहे, त्यांनी दोन वर्षांत ही परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी सोडायची. ज्यांची पाच वर्षांहून कमी उरली ते राहतील, पण बढती नाही. अल्पसंख्याक शाळांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे गेला आहे.

त्यामुळे आमच्यातला सरकारी उर्दू शाळेतला सोबती इशानंतर पुस्तक उघडतो, आणि अल्पसंख्याक संस्थेत असलेली आमची मैत्रीण म्हणते, "पीठाचं काय होतं ते बघू." तिने थांबू नये, असे आम्हांला वाटते. वीस-बावीस वर्षे शिकवलेल्या माणसाला परीक्षेला बसवणे आम्हांलाही बोचते. पण बोचण्याचे गुण मिळत नाहीत.

१५० गुणांपैकी ६० दोन भाषांचे. सोबत्याचे मराठी व्याकरण कच्चे, ते आम्ही रविवारी फोनवर घेतो. खुल्या प्रवर्गाला ९० गुण लागतात. त्याचे सरावाचे पेपर मुलगी तपासते, बापाला एक गुण वाढवून देत नाही. मागच्या वेळी ८४ मिळाले.