लॉर्ड गेले, युवराज उरले

मुंबईतलं एल्फिन्स्टन रोड स्टेशन (आताचं प्रभादेवी) आणि एल्फिन्स्टन कॉलेज ही एकाच साहेबाची नावं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं नाही. हे एका स्कॉटिश सरदार घराण्यातले काका-पुतणे. कॉलेजवाला काका माउंटस्टुअर्ट, अकराव्या लॉर्डचा चौथा मुलगा. धाकटा, म्हणून किताब नाही. १८१९ साली मुंबईचा गव्हर्नर झाला, पण वशिला त्यालाही होताच. चुलता कंपनीचा डायरेक्टर! स्टेशनवाला पुतण्या जॉन १८१३ साली, बाप वारल्यावर, पोरवयातच तेरावा लॉर्ड झाला. पुढे १८५३ मध्ये तोही मुंबईचा गव्हर्नर.

हसू नका मंडळी. संविधानाच्या कलम १८ ने आपल्याकडचे असले किताब बंद केले. तरी आमच्या दासगावला हायवेवर उभं राहून बॅनर वाचा. 'युवराज', 'भावी आमदार'. कर्तृत्व काय? तर साहेबांचे चिरंजीव!

२००५ च्या दरडीत याच गावाने माणसं गमावली. पावसाळ्यात डोंगराकडे बघत रात्र काढणाऱ्याला वारसदार नकोय, काम करणारा माणूस हवाय. म्हणून मत मागायला कोणीही येऊ दे, आडनाव विचारू नका. एवढंच विचारा, 'दरडीसाठी काय केलंत?'