सूत्रे त्यांच्या हाती द्या

दरवर्षी ३ डिसेंबरला, जागतिक दिव्यांग दिनी, ठिकठिकाणी दिव्यांग कलाकारांचे कार्यक्रम होतात. पाहुणे गहिवरतात, शाल-श्रीफळ दिले जाते, ‘जिद्दीला सलाम’ अशा मथळ्याची बातमी छापून येते. पुढे वर्षभर त्यातल्या बहुतेकांना कोणी तालमीला बोलावत नाही. कलाकार कसा नाचला याची चर्चा होत नाही. तो नाचू शकला याचेच नवल केले जाते. अशा कौतुकात माया असेल, पण कलेची पारख नसते.

आपल्याकडे काम झाले नाही असे नाही. १९८१च्या अपघातानंतर एक पाय गमावलेल्या सुधा चंद्रन जयपूर फूट लावून पुन्हा भरतनाट्यमकडे वळल्या. अस्ताद देबू यांनी कोलकाता आणि चेन्नईतील कर्णबधिर कलावंतांसह वर्षानुवर्षे नृत्यरचना केल्या. स्वागत थोरात यांनी दृष्टिहीन कलावंतांना घेऊन ‘अपूर्व मेघदूत’ रंगभूमीवर आणले. राज्याचे सांस्कृतिक कार्य संचालनालय दिव्यांग बालनाट्य स्पर्धा भरवते. हे सारे मोलाचेच आहे. मात्र यांतील बहुतेक समूहप्रयोगांची सूत्रे दिव्यांग नसलेल्यांच्या हाती राहिली. स्पर्धेत चमकलेल्या मुलाने मोठेपणी दिग्दर्शक किंवा नृत्यगुरू व्हायचे ठरवले, तर त्याच्यासाठी वाट कुठे आहे?

ही वाट इतरत्र तयार झाली आहे. १९७३मध्ये रंगमंचावरच झालेल्या अपघातानंतर व्हीलचेअर वापरू लागलेल्या सेलेस्ट दांडेकर यांनी १९९१मध्ये अॅडम बेंजामिन यांच्यासह लंडनमध्ये ‘कँडोको’ ही नृत्यसंस्था स्थापन केली. अमेरिकेत अॅलिस शेपर्ड यांच्या ‘कायनेटिक लाइट’ या नृत्यसंस्थेने आणखी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्या ‘डिसेंट’ या नृत्यरचनेत रंगमंचावर उंचसखल, वळणदार रॅम्प उभारलेला असतो. शेपर्ड आणि लॉरेल लॉसन या दोघी व्हीलचेअरवरून त्या उतारावर झेपावतात, काठावर तोल सावरतात, चाकांच्या वेगातूनच लय निर्माण करतात. इमारतीबाहेर सोय म्हणून असणारा रॅम्प इथे नृत्याचे अंगणच होतो. दृष्टिहीन प्रेक्षकांना नृत्य वेगवेगळ्या ध्वनिवर्णनांतून अनुभवता यावे, यासाठी त्यांनी अॅपही तयार केले. दिव्यांग व्यक्ती नेतृत्व करते तेव्हा कलेचे व्याकरणच विस्तारते, याचा हा रोकडा पुरावा आहे.

आपला कायदाही याच दिशेने बोट दाखवतो. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६चे कलम २९ कलाशिक्षणाच्या अभ्यासक्रमांची फेररचना करण्यास आणि दिव्यांग कलावंतांना पाठबळ देण्यास सांगते. सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी दिलेली पाच वर्षांची मुदत २०२२मध्येच संपली. सुगमतेचे निकष ऐच्छिक ठेवून चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही नोव्हेंबर २०२४मध्ये बजावले. तरीही अनेक नाट्यगृहांत रॅम्प असलाच तर तो प्रेक्षकांच्या दारापर्यंत पोहोचतो. मेकअप रूमकडे, विंगेकडे, रंगमंचाकडे जायला पायऱ्याच असतात. दिव्यांग माणूस प्रेक्षक असेल, कलाकार नसेल, हे तिथे बांधकामातच ठरलेले असते.

हे बदलायचे तर कामे ठोस हवीत. रंगमंच आणि मेकअप रूमपर्यंत चाकाची खुर्ची जाईल याची हमी नाट्यगृहे चालवणाऱ्या महापालिकांनी द्यावी. कथकच्या परीक्षेत तत्काराला, म्हणजे पावलांच्या लयकामाला, पर्याय म्हणून हातांतून वा चाकांतून दाखवलेल्या लयीचे मूल्यमापन कसे करायचे, हे दिव्यांग नर्तकांना सोबत घेऊन ठरवावे. सरकारी अनुदान मिळणाऱ्या निर्मितीत तालमीपासून सांकेतिक भाषेच्या दुभाष्याचा खर्च धरलेला असावा. कलाकारांना सन्मानचिन्हाऐवजी मानधन मिळावे.

२०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात २९ लाखांहून अधिक दिव्यांग आहेत. नाट्यवेड्या म्हणवणाऱ्या राज्याला त्यांच्यातून नृत्यरचनाकार, दिग्दर्शक, समीक्षक मिळत नसतील, तर उणीव त्यांच्यात नाही, आपल्या व्यवस्थेत आहे. सांस्कृतिक कार्य विभागाने सुरुवात अगदी जवळून करावी: पुढच्या राज्य नाट्य स्पर्धेच्या परीक्षक मंडळांवर दिव्यांग रंगकर्मींची नेमणूक करावी. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि मोठा निधीही लागत नाही. लागतो तो निर्णय, आणि तो आता घ्यायला हवा.