मंडईचा काटा तपासला जातो, रक्ताचा का नाही?

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत पहाटेपासून पोती वाहणारा एक हमाल मागील वर्षी दोन कागद घेऊन माझ्याकडे आला. दोन्ही त्याच्याच रक्ताचे रिपोर्ट. एका प्रयोगशाळेचा आकडा ०.०९ टक्के, तीन महिन्यांनी दुसरीचा ०.४ टक्के. आजार ब्लड कॅन्सरचा, क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, म्हणजे सीएमएल. औषध लागू पडेनासे झाले असे समजून घरचे हवालदिल झाले होते आणि डॉक्टर गोळी बदलण्याच्या विचारात होते. पहिल्या ठिकाणी पुन्हा तपासणी केली तेव्हा ०.०८ निघाले. आजार वाढलाच नव्हता, माप बदलले होते.

या आजारात ९ व २२ क्रमांकाच्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होते आणि बीसीआर-एबीएल हे विकृत जनुक तयार होते. त्याचे रक्तातील प्रमाण पीसीआरने मोजतात. परंतु कोणत्या जनुकाशी तुलना केली, रक्त पोचायला किती वेळ लागला, कोणती पद्धत वापरली, यानुसार आकडा बदलतो. आपल्याकडे पूर्वी एका गावचा शेर दुसऱ्या गावी चालत नसे. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने किलो साऱ्या देशाचा एक केला. तसेच काम २००५ साली अमेरिकेत बेथेस्डा येथे जमलेल्या तज्ज्ञांनी हाती घेतले. उपचार न झालेल्या रुग्णांतील ठरावीक सरासरी प्रमाण १०० टक्के मानायचे. ते हजारपट घटले की ०.१ टक्के. हीच आंतरराष्ट्रीय प्रमाणपट्टी, रिपोर्टवर 'आयएस'. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये त्यासाठी संदर्भ नमुने मान्य केले. प्रयोगशाळेने आपला आकडा ठरवून दिलेल्या गुणकाने या पट्टीवर आणावा, अशी अपेक्षा आहे. तिसऱ्या महिन्यात १० टक्क्यांच्या आत, वर्षाअखेरीस ०.१ च्या आत, या टप्प्यांवर गोळीचा निर्णय होतो. काही रुग्णांत प्रमाण वर्षानुवर्षे ०.००३२ च्याही खाली राहिल्यास डॉक्टरांच्या देखरेखीखाली गोळी थांबवूनही पाहता येते. रोजंदारीवर जगणाऱ्याला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

गोळीची लढाई आपण जिंकलो आहोत. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पेटंट कायद्याच्या कलम ३(ड) चा आधार घेऊन नोव्हार्टिस कंपनीचा ग्लिव्हेकवरील पेटंटचा दावा फेटाळला. महिन्याला लाखाच्या वर जाणारे औषध भारतीय कंपन्यांचे घेतले तर आठ-दहा हजारांत मिळत होते, तो मार्ग खुला राहिला. त्या निकालाचे आपण सर्वांनी स्वागत केले, ते योग्यच होते. पण गोळी काम करते की नाही हे सांगणाऱ्या तपासणीकडे मात्र कोणी पाहिले नाही, आम्ही वकिलांनीही नाही.

मंडईत भाजी विकणाऱ्या बाईला वैधमापन शास्त्र विभागाकडून ठरावीक मुदतीत काट्याचे पासिंग करून घ्यावे लागते. शिक्का नसेल तर २००९ च्या कायद्याने दंड. पाव किलो मिरचीच्या मापाला कायदा आहे. प्रयोगशाळांना मात्र एनएबीएलचे मानांकन ऐच्छिक! केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा राज्यांनी स्वीकारला तरच लागू होतो आणि महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. १९९५ च्या शांता खटल्यापासून वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याखाली येते हे खरे. परंतु त्या हमालासाठी मी ग्राहक आयोगासमोर सिद्ध काय करू? दुसरी प्रयोगशाळा म्हणेल, आमच्या पद्धतीने आमचा आकडा बरोबर आहे. सक्तीचे मापच ठरलेले नाही, तर खोटे माप कोणते?

ही मंडई बांधायची ठरली तेव्हा नगरपालिकेचे सदस्य असलेल्या जोतीराव फुल्यांनी इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे वळवा, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे तिला त्यांचेच नाव मिळाले. सार्वजनिक पैसा कोणासाठी, हा त्यांचा प्रश्न आजही तिथेच उभा आहे. शासनाने राज्यात एक संदर्भ प्रयोगशाळा ठरवावी, बाकीच्यांनी दरवर्षी तिच्याकडून आपला गुणक पडताळून घ्यावा आणि पट्टीविना रिपोर्ट देण्यास बंदी असावी. धर्मादाय रुग्णालयांत निर्धन रुग्णांसाठी बिलाच्या २ टक्क्यांचा निधी २००६ पासून आहेच. ही तपासणी त्यातून झाली पाहिजे.

तोवर ज्यांच्या घरी हा आजार आहे त्यांनी रिपोर्टवर 'आयएस' आहे का ते पाहावे, शक्यतो एकाच प्रयोगशाळेत जावे आणि आकडा अचानक चढला तर गोळी बदलण्याआधी पुन्हा तपासणी करायची का, हे डॉक्टरांना विचारावे. जुने कागद फेकू नयेत. त्या हमालाने ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डासोबत ठेवले होते, म्हणूनच फरक लक्षात आला.