दिवाळीची पोस्त नको, दर ठरवा

दसरा झाला की ढाणकीच्या ओट्याओट्यांवर एक वाक्य फिरायला लागतं : 'आजकालच्या बायकांना सगळं आयतं पाहिजे.' निमित्त एवढंच असतं की कुणा शिक्षिकेनं घर झाडायला, डबे घासायला बाई लावली, नाहीतर कुणा दुकानदाराच्या बायकोनं चकल्या-अनारसे किलोच्या भावानं करून घेतले. भाद्रपदात महालक्ष्म्यांची आरास डेकोरेशनवाल्यानं केली असेल तर हे वाक्य महिनाभर आधीच ऐकू येतं. बोलणाऱ्यांत पुरुष असतात, सासवा असतात, आणि आपल्या चळवळीतल्या काहीजणीही असतात. आपल्या मैत्रिणींचा सूर फक्त वेगळा. त्या म्हणतात, पैसेवालीनं आपलं ओझं गरीब बाईच्या डोक्यावर ठेवलं, यात कसली आली मुक्ती?

मला या दोघांशीही भांडायचं आहे. दोघांचंही बोट बाईकडेच जातं आणि ओट्यावर पेपर वाचत बसलेला माणूस मधून अलगद सुटतो.

आधी 'आयत्या'चं बघू. आपल्याकडची गणपती मंडळं पाहा. मांडव कंत्राटानं, लायटिंग भाड्यानं, मूर्ती विकत, महाप्रसादाला आचारी. पोरांच्या हातात पावती-पुस्तक तेवढं असतं. या पोरांना कधी कुणी म्हटलं का, की तुमची भक्ती पातळ झाली, मखर स्वतः का नाही केलं? उलट ज्या मंडळाचं कंत्राट मोठं, त्याचं नाव मोठं. आणि घरात तीन दिवस महालक्ष्म्या बसवणारी बाई सोळा भाज्या, आंबील, पुरण, फुलोरा, पन्नास पानं, वर नऊवारी नेसून हसरं तोंड, यातलं एक काम पैसे देऊन दुसऱ्याकडून करून घेते तेव्हा मात्र देवीचा कोप आठवतो. बाहेरचा सण पैशानं झाला तर ती व्यवस्था, आणि घरातला झाला तर तो आळस. हा न्याय कुणी ठरवला?

आणखी एक पाहा. आपल्या भागात घरं मातीची होती तेव्हा दिवाळीच्या आधी भिंती पांढऱ्या मातीनं पोतारायच्या, जमीन शेणानं सारवायची. माती आणायची बाईनं, भिजवायची बाईनं, पोतेरं फिरवायचं बाईनं. याला मजुरी नव्हती, आणि याला 'काम' म्हणायचीही पद्धत नव्हती. मग सिमेंट आलं, डिस्टेंपर आला. तीच भिंत, तेच हात वर करून पुसणं, पण आता ब्रश पेंटरच्या हातात गेला आणि पेंटर चौरस फुटावर भाव सांगू लागला. त्याच्याशी घासाघीस होते, पण 'भाव कशाला, आपलंच घर समजून कर' असं त्याला कुणी म्हणत नाही. स्वयंपाकाचंही तेच. घरातली बाई पन्नास पानांचा स्वयंपाक करते तो तिचा धर्म. लग्नातला आचारी तेवढ्याच पानांचा करतो, तर इसार घेतल्याशिवाय कढईला हात लावत नाही. पुरुषाच्या हातात गेलं की कामाला दर चिकटतो, बाईच्या हातात राहिलं की त्याला माया चिकटते. म्हणून एखादी बाई घरच्या कामाचे पैसे मोजते तेव्हा मला त्यात आळस दिसत नाही. हे काम आहे आणि त्याला किंमत आहे, एवढं तरी तिच्या घरात उघड बोललं जातं. मीही दिवाळीच्या आधी दोन दिवस बाई लावते. सकाळी रोज ठरवते आणि संध्याकाळी देते. त्याची लाज वाटायचं मला कारण दिसत नाही.

'पूर्वी सगळ्याजणी मिळून करत होत्या, किती मजा होती,' असं म्हणणाऱ्या काकू भेटतात. पाळीपाळीनं एकमेकींच्या घरी करंज्या लाटल्या जात, हे खरं आहे. पण त्या गोष्टीत एक जण नेहमी गायब असते. करंज्या लाटून झाल्यावर मध्यरात्री तळत बसलेली, पोटात पोर असलेली धाकटी सून कुणाला आठवत नाही. आणि वाड्याच्या मागच्या अंगणात लाकडं फोडणारी, गोठा झाडणारी, सणाच्या दुसऱ्या दिवशी उरलंसुरलं पदरात घेऊन जाणारी बाईही आठवत नाही. सणाचं काम दुसऱ्याकडून करून घेणं मोठ्या घरांना नवं नाही. फक्त पूर्वी त्याचं नाव बलुतं होतं, मोबदला शिळ्या पोळीचा होता आणि 'नाही' म्हणायची सोय नव्हती.

आता दुसऱ्या बोलण्याकडे येते, कारण खरी दुखरी जागा तिथे आहे. केंद्र सरकारनं २०१९ साली आणि पुन्हा २०२४ साली लोकांचा दिवस कसा जातो याची देशभर पाहणी केली. घरच्या बिनपगारी कामात हात घालणाऱ्या बाईची २०१९ मध्ये दिवसाला २९९ मिनिटं त्यात जात होती, २०२४ मध्ये २८९. पुरुषाची आधी ९७ मिनिटं होती, नंतर ८८. बाईची दहा मिनिटं कमी झाली तर पुरुषानंही नऊ कमी करून घेतली! म्हणजे मिक्सर आला, गॅस आला, काहींच्या घरी कामाला बाई आली, तरी नवऱ्याच्या हातात झाडू आला नाही. काम घरातल्या बाईकडून दुसऱ्या बाईकडे सरकलं आणि वाटणी होती तिथेच राहिली. आपल्या मैत्रिणींचं हे म्हणणं मला मान्य आहे. पण यावर उपाय म्हणून त्या सांगतात, 'बाई लावू नका.' म्हणजे पुन्हा घरातलीनंच करायचं, आणि जिला रोज मिळत होता तिचा रोजही बुडवायचा. हा कुठला उपाय?

त्यापेक्षा जिला आपण लावतो तिला काय मिळतं ते विचारू. ढाणकी आणि आजूबाजूच्या वस्त्या-तांड्यांवर बचत गटांच्या बैठकांना मी जाते. तिथे मी विचारलं, तेव्हा एक पन्नाशीची बाई म्हणाली, ''ताई, वावरात गेलं तं भाव माहीत राहते. घरात गेलं तं जे देतीन ते घ्या लागते.'' या एका वाक्यावर आपण विचार केला पाहिजे. दिवाळीच्या सुमाराला आपल्याकडे सोयाबीनची सोंगणी आणि कपाशीची वेचणी अंगावर आलेली असते. सोंगणी गुत्त्यानं जाते, बॅगेवर भाव ठरतो. वेचणी किलोवर, काटा समोर लागतो. भाव कमी असेल, पटत नसेल, पण तो आदल्या संध्याकाळी साऱ्या वस्तीला माहीत असतो. त्याच गावात, त्याच आठवड्यात, तीच बाई कुणाच्या घरचे पंखे पुसते, माळ्यावरची भांडी काढते, गाद्या उन्हात घालते, तर संध्याकाळी तिच्या हातात काय पडेल हे तिला ठाऊक नसतं. कधी नोट, कधी नेसून विटलेली साडी, कधी 'फराळाला ये'. याला आपण दिवाळीची पोस्त म्हणतो. पोस्त म्हणजे खुशी, आणि खुशीचा हिशेब मागता येत नाही. मागितला तर ती बाई 'तोंडाची' ठरते.

मग वावर सोडून ती येते कशाला? काहीजणींची कंबर विळ्यानं गेलेली असते, काहींचे गुडघे. काहीजणी वर्षभर त्याच घरी धुणीभांडी करतात. दिवाळीच्या चार दिवसांना नाही म्हटलं तर वर्षाचं घर हातचं जातं. म्हणून चार दिवसांचं जादा काम महिन्याच्या त्याच पगारात उरकलं जातं आणि वर पोस्त दिल्याचं पुण्य मालकिणीच्या खात्यात जमा होतं. हे मला सगळ्यात जास्त टोचतं. कारखान्यातल्या कामगारासाठी १९६५ साली बोनसचा कायदा झाला आणि पुढे किमान बोनस ८.३३ टक्के ठरला. तिथे बोनस हा हक्क आहे. घरातल्या कामगार बाईला मात्र लाडवाची पुडी मिळते.

आता जातीचं. ते टाळून हा विषय बोलता येत नाही. महालक्ष्म्यांच्या स्वयंपाकाला जी बाई बोलावली जाते ती 'सोवळ्यातली' लागते. तिला आधी विचारलं जातं, तिची वेळ सांभाळली जाते, मानानं दक्षिणा दिली जाते. अंगण, मोरी, संडास, माळा यांच्यासाठी वस्तीवरची नाहीतर तांड्यावरची बाई लागते. तिनं घासलेल्या पितळी भांड्यांवर पुन्हा पाणी शिंपडून ती आत घेतली जातात. असली घरं कमी झाली असतील, संपलेली नाहीत. कामाचे तास मोजले तर साफसफाई स्वयंपाकापेक्षा जास्त जड भरते. तरी भाव उलटा आहे, कारण इथे भाव घामाचा लागत नाही, हात कुणाचा आहे त्याचा लागतो. पैसे देऊन काम करून घेतलं की आपण आधुनिक झालो असं समजणाऱ्या भगिनींनी आपल्या घरात कोणत्या कामाला कोण येतं याची यादी एकदा मनाशी करून पाहावी.

आणि या बाईचीही दिवाळी असते. तांड्यावर दिवाळीच्या रात्री पोरी दिवा घेऊन घरोघर 'मेरा' मागत फिरतात. त्या पोरींच्या आया अमावास्येच्या संध्याकाळपर्यंत गावातल्या घरांत पणत्या पुसत असतात. त्यांचं घर कोण सारवतं? आठवीतली पोर, शाळेच्या सहामाहीच्या पेपरांमधून वेळ काढून. दिवाळी उरकली की यातली कित्येक घरं ऊसतोडीला जातात. तिथे तर कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक, आणि उचल घेताना अंगठा नवऱ्याचा. वर्षभरात या बाईचा स्वतःचा असा रोज, जो तिच्याच हातात पडतो, तो वेचणीचा आणि घरकामाचा. तोही आपण खुशीवर ठेवायचा?

कायद्याचं म्हणाल तर महाराष्ट्रात २००८ साली घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. चांगलं झालं. पण तो नोंदणीचा आणि कल्याणाचा कायदा आहे. नोंदणी झाली तरी दिवाळीच्या एका दिवसाचा रोज किती, हे त्यात कुठे नाही. २०११ साली जिनिव्हात आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं घरकामगारांसाठी १८९ क्रमांकाचा करार केला. त्याच्या बाजूनं मत देणाऱ्या भारतानं त्याला अजून अधिकृत मान्यता दिलेली नाही. पुण्याच्या मोलकरणींनी मात्र कुणाची वाट न पाहता १९८० सालीच संप केला होता, आणि त्यातून संघटना उभी राहिली. शहरात एका सोसायटीत दहा बायका भेटतात, एकमेकींचा पगार विचारतात. आपल्याकडे एकीला दुसरीचा पगार माहीत नसतो, आणि मालकिणी मात्र हळदीकुंकवाला बसून एकमेकींना विचारून घेतात, 'तू काय देतेस?' एकीनं जास्त दिले तर 'बायकांना बिघडवते' म्हणून तिला बोलही लागतो.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. बाई लावा, जरूर लावा. पण आदल्या दिवशी रोज ठरवा, तो निदान गावातल्या वेचणीच्या रोजाइतका तरी असू द्या, आणि पैसे रोख, तिच्या हातात द्या. नवरा न्यायला आला म्हणून त्याच्या हातात नको. फराळ, साडी प्रेमानं द्यायची तर द्या, पण रोजातून कापू नका. महिन्याच्या बाईला सणाच्या जादा तासांचे वेगळे पैसे आणि लक्ष्मीपूजनाच्या दिवशी दुपारी सुट्टी. आणि हे पैसे घरखर्चातून वाचवून बाईनं एकटीनं का भरायचे? फटाक्यांचे पैसे 'हौस' आणि कामवालीचे पैसे 'खर्च', ही वाटणीही मोडायला हवी. नवऱ्याला माळ्यावर चढून भांडी काढून द्यायला तर पैसेही लागत नाहीत.

ढाणकीच्या दोन वस्त्यांवर आम्ही यावर बैठका घेतल्या. सोयाबीनचा गुत्ता ठरतो त्याच आठवड्यात घरकामाचा सणाचा दर ठरवायचा आणि साऱ्याजणींनी तोच सांगायचा, यावर एकमत झालं. अडलं ते एका मुद्द्यावर. फराळ करणाऱ्या बायका म्हणाल्या, आमचं हातचं कसब आहे, आमचा दर साफसफाईपेक्षा वर हवा. साफसफाई करणाऱ्या म्हणाल्या, मोरी घासून बघा मग बोला. दोन बैठका यावरच संपल्या. तिसरी कोजागिरीनंतर आहे, आणि मालकिणींपैकी ज्यांना ऐकायचं आहे त्यांनाही त्या बैठकीचं बोलावणं दिलेलं आहे.