पोर्टल भरता आलं नाही म्हणून स्वतःला अडाणी म्हणू नका

मागच्या व्हिडिओत आपण प्रकल्प अहवाल कसा करायचा ते बघितलं. मला वाटलं होतं, व्याजदर, सबसिडी, बँक असले प्रश्न येतील. पण सगळ्यात जास्त प्रश्न आला तो भलताच: "सर, फॉर्म पुढंच जात नाही, काय करू?" आणि त्याच्या मागोमाग एक वाक्य ठरलेलं: "आम्हाला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही ना."

या दुसऱ्या वाक्यावर मला आज बोलायचंय. ते वाक्य खोटं आहे असं माझं मत आहे. जी बाई फोनवर क्यूआर कोडनं पैसे घेते, गटाचा हिशेब व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवते, यूट्यूबवर बघून ब्लाउजचा नवा गळा शिवते, तिला फोन येतो. तिला तो फॉर्म येत नाही, कारण तो फॉर्म तयार करणारा माणूस तिच्यासारख्या कुणाच्या शेजारी कधी बसलेलाच नाही.

कळंबच्या बॅचमध्ये मी एक प्रयोग केला. बचत गटातल्या पाच ताया, प्रत्येकीचा स्वतःचा फोन. एका सरकारी योजनेचं पोर्टल उघडायला लावलं (नाव सांगत नाही, कारण हे दुखणं एकाच पोर्टलचं नाही) आणि म्हणालो, "तुम्हाला शेळीपालनासाठी अर्ज करायचाय. करा. मी मदत करणार नाही. फक्त जे मनात येईल ते मोठ्यानं बोला." तिसऱ्या मिनिटाला मीच तोंड उघडलं. "ताई, ते वरचं बटण..." झालं, प्रयोगाचा सत्यानाश! मग दुसऱ्या तायांच्या वेळी हाताची घडी घातली आणि गप्प बसलो. प्रशिक्षण देणाऱ्या माणसाला चाळीस मिनिटं गप्प बसणं किती अवघड जातं ते त्या दिवशी कळलं.

पहिलं पान मराठीत होतं. "अर्ज करा" दाबलं की पुढचं सगळं इंग्रजी. एका ताईंना वाटलं, आपण चुकीच्या ठिकाणी आलो. त्या तीन वेळा मागे गेल्या. मग जिल्ह्याची यादी. आता आपल्या जिल्ह्याचं नाव २०२३ मध्ये धाराशिव झालं. पण आधार कार्डावर अजून उस्मानाबाद असलेले लोक ढिगानं आहेत. यादी इंग्रजी अक्षरांच्या क्रमानं लावलेली. एक ताई 'ओ'पर्यंत खाली गेल्या, उस्मानाबाद नाही म्हणून थांबल्या आणि म्हणाल्या, "आपल्या जिल्ह्याला ही योजनाच नाही वाटतं." फोन बंद करून ठेवला. बघा, किती साधी गोष्ट! यादीत 'धाराशिव (उस्मानाबाद)' असं लिहिलं आणि दोन्ही अक्षरांखाली दाखवलं असतं तर काम झालं असतं. एका ओळीचं काम. पण ते करायला आधी ती ताई कुठं थांबली हे कुणीतरी बघायला पाहिजे.

पुढं फोटो. "५० केबीपेक्षा कमी." केबी म्हणजे काय, हे पाचातल्या एकीलाही माहीत नव्हतं, आणि का माहीत असावं? फोनच फोटो लहान करून घेऊ शकतो. ते काम ताईंच्या गळ्यात का? एकीचा ओटीपी पुण्यात कामाला असलेल्या मालकांच्या फोनवर गेला. त्यांना फोन लावेपर्यंत वेळ संपली आणि भरलेलं सगळं पुसलं गेलं. पाचातल्या एकीचाच अर्ज शेवटपर्यंत गेला.

आता तुम्ही म्हणाल, पाच जणींवरून काय सिद्ध होतं? हाच प्रश्न जगात सगळीकडे विचारला गेलाय. जेकब नील्सन नावाचे या विषयातले जुने तज्ज्ञ आहेत. त्यांनी २००० साली मांडलं की पाच माणसं शेजारी बसवून बघितली तर वापरातल्या साधारण ८५ टक्के अडचणी दिसून जातात. सहाव्या-सातव्या माणसापासून तेच तेच दिसायला लागतं. म्हणून पंधरा जणांची एकच मोठी चाचणी घेण्यापेक्षा पाच जण बघा, दुरुस्त करा, पुन्हा पाच जण बघा, असं त्यांचं सांगणं. मोठ्यानं बोलायला लावायची पद्धत तर त्याहून जुनी, १९८२ मध्ये आयबीएममधल्या क्लेटन लुईस यांनी ती या कामात आणली. यात यंत्र नाही, सॉफ्टवेअर नाही, टेंडर नाही. दोन खुर्च्या, एक फोन, एक वही.

ही चाचणी आधी झाली नाही तर काय होतं, याचं उदाहरण अमेरिकेतून आणायची गरज नाही. (तिथंही आहे. २०१३ मध्ये आरोग्य विम्याची सरकारी वेबसाइट सुरू झाली आणि पहिल्या दिवशी सगळ्या देशातून फक्त सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली.) आपल्या घरातलं उदाहरण घ्या. लाडकी बहीण योजनेची ई-केवायसी.

१८ सप्टेंबर २०२५ पासून ई-केवायसी करायला सांगितलं. त्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक आणि त्यावर येणारा ओटीपी लागत होता. ज्या बाईचा नवराही गेलाय आणि वडीलही गेलेत, तिनं काय भरायचं? फॉर्ममध्ये उत्तर नव्हतं. नंतर सरकारनं मुदत ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली आणि अशा महिलांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचे कागद अंगणवाडी सेविकेकडे द्यावेत अशी सोय केली. सोय केली हे चांगलंच झालं. पण मला सांगा, धाराशिवच्या कुठल्याही गावात दहा बायका बसवल्या असत्या तर त्यात एक तरी विधवा निघाली नसती का? शेतकरी आत्महत्यांनी पोळलेल्या या जिल्ह्यात तरी हा प्रश्न पहिल्या तासात वर आला असता.

दुसरं उदाहरण त्याच फॉर्ममधलं, आणि ते मला जास्त शिकवून जातं. कुटुंबातलं कुणी सरकारी नोकरीत नाही, पेन्शन घेत नाही, अशा अर्थाचं नकारार्थी वाक्य होतं आणि समोर पर्याय: होय, नाही. घरात कुणी नोकरीला नसेल तर बरोबर उत्तर 'होय'. आता हे वाक्य मोठ्यानं वाचा आणि घरातल्या आजींना विचारा. त्या "सरकारी नोकरी" एवढं ऐकतील आणि म्हणतील, "नाही गं बाई, आमच्यात कुणी नाही." बोट 'नाही'वर जाणार! आणि कॉम्प्युटरनं त्याचा अर्थ घेतला की घरात सरकारी नोकर आहे. असा चुकीचा पर्याय गेल्यानं अनेक महिलांचे महिन्याचे १५०० रुपये अडकले आणि मग अंगणवाडी सेविकांना घरोघरी पडताळणीला पाठवावं लागलं. एका वाक्यातल्या एका 'नाही'मुळं! त्या १५०० मध्ये कुणाचा शिलाई मशीनचा हप्ता जात असतो, कुणाचं शेळीचं खाद्य येत असतं, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही.

हे वाक्य लिहिणारा माणूस वाईट नव्हता. त्यानं शासन निर्णयातली अट उचलली आणि फॉर्ममध्ये टाकली. सरकारी पोर्टलांचा मूळ आजार मला हाच दिसतो: शासन निर्णय माणसाला समजेल अशा प्रश्नात न बदलता जसाच्या तसा पडद्यावर येतो.

शब्दांचं पण तसंच. भूम, वाशी, कळंब भागात खवा हा मोठा धंदा, कुंथलगिरीचा पेढा सगळ्यांना माहीत. खवा करणाऱ्यानं उद्यम नोंदणी करायची म्हटलं (२०२० च्या १ जुलैपासून सुरू झालेली, पूर्ण मोफत, कुणी पैसे मागितले तर ती साइट सरकारी नाही, हे लिहून ठेवा) तर आपल्या व्यवसायाचा एनआयसी कोड निवडावा लागतो. ते वर्गीकरण २००८ सालचं, इंग्रजीतलं. त्यात खवा हा शब्द नाही. तिथं 'खोया' आहे, दुग्धजन्य पदार्थांच्या १०५ क्रमांकाच्या गटात. आता भूमचा माणूस आयुष्यात कधी 'खोया' म्हणणार आहे का? तो शोधतो, सापडत नाही, मग 'इतर' असं काहीतरी निवडतो. हा कोड पुढं प्रमाणपत्रावर छापून येतो, बँकेत जातो, योजनेच्या अर्जाला जोडला जातो. धंदा एक आणि कागदावर दुसराच, असं होऊन बसतं.

आणि पोर्टल अवघड असलं की त्याच्या अवतीभवती एक वेगळाच धंदा उभा राहतो. मोफत नोंदणीचे पैसे घेणाऱ्या, सरकारीसारख्याच दिसणाऱ्या वेबसाइट्स त्यातूनच आल्या. लोक त्यांच्याकडं का जातात? मूर्ख आहेत म्हणून नाही. तिथं फॉर्म सोपा असतो म्हणून! फसवणाऱ्यानं आपल्या माणसाचा जितका अभ्यास केलाय तितका सरकारनं केला नाही, हे कडू आहे पण खरं आहे.

काही अधिकारी मित्र म्हणतात, "सर, नियम आहेत की." आहेत. सरकारी वेबसाइटसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. दिव्यांगांना वापरता यावी, मोबाइलवर नीट दिसावी, सुरक्षित असावी, हे सगळं त्यात आहे आणि ते हवंच. आपल्या राज्यात तर २०१५ चा लोकसेवा हक्क कायदा आहे: ठरलेल्या दिवसांत सेवा दिली नाही तर अपील करता येतं, अधिकाऱ्याला दंडही होऊ शकतो. पण त्यातली मेख बघा. दिवस मोजायला सुरुवात होते पूर्ण अर्ज मिळाल्यापासून. ज्या ताईंचा अर्ज फोटोपाशीच अडला, त्यांचे परंड्याहून धाराशिवला मारलेले दोन हेलपाटे, बुडालेला रोज, एसटीचं भाडं कुठल्याच हिशेबात नाही. सरकारी रेकॉर्डवर त्या बाईनं अर्जच केलेला नाही. म्हणून वरच्या साहेबांना आकडे बघून वाटतं, सगळं सुरळीत चाललंय.

ब्रिटनमध्ये २०१४ पासून एक पद्धत आहे. नवी मोठी सरकारी ऑनलाइन सेवा लोकांसाठी खुली करायच्या आधी तिची परीक्षा होते आणि त्यात विचारतात: तुम्ही खऱ्या वापरणाऱ्यांबरोबर बसलात का, काय दिसलं, काय बदललं? उत्तर नसेल तर आधी कामं करून या म्हणतात. आपल्याकडं उद्घाटन आधी, दुरुस्ती नंतर, असा उलटा कारभार. मला काही लंडनचं कौतुक करायचं नाही. पण ही एक गोष्ट उचलायला पैसे लागत नाहीत.

धाराशिवसाठी माझी मागणी छोटी आहे. आपले आठ तालुके. कुठलंही नवं पोर्टल किंवा नवा फॉर्म यायच्या आधी आठही ठिकाणी पाच-पाच माणसं बसवा: एक विधवा बाई, एक ऐन साठीतला शेतकरी, एक नुकता बारावी झालेला पोरगा, एक कमी दिसणारा माणूस, एक लमाण तांड्यावरची ताई. चाळीस माणसं, एका दिवसाचं काम. त्यांना दिवसाचा रोज द्या, फुकट बोलावू नका. शेजारी ज्यानं फॉर्म बनवला तो स्वतः बसला पाहिजे, त्याचा अहवाल वाचणारा नाही. आणि आपले सरकार सेवा केंद्रातल्या पोरांना विचारा. कुठल्या पानावर लोक अडतात हे त्यांना तोंडपाठ असतं.

एक गोष्ट मात्र कबूल करतो. हा प्रयोग करून झाल्यावर मी माझ्या स्वतःच्या बॅचचा नोंदणी फॉर्म काढला आणि त्याच तायांना भरायला दिला. मला वाटलं होतं, माझा एकदम सोपा! 'व्यवसायाचा टप्पा' या प्रश्नाला चारजणी थांबल्या. एकीनं विचारलं, "टप्पा म्हणजे टप्प्या-टप्प्यानं पैसे भरायचे का?" अकरा प्रश्न होते, आता चार आहेत. तुमचाही ऑर्डरचा फॉर्म असेल, व्हॉट्सअ‍ॅपवर कॅटलॉग असेल, मसाल्याच्या पाकिटावर मागे काही छापलं असेल, तर शेजारच्या काकूंना द्या आणि गप्प बसा. बोट कुठं थांबतं तेवढं बघा. "सोपं आहे ना?" असं विचारू नका, सगळे हो म्हणतात, आपल्याकडं तोंडावर नाही म्हणायची पद्धत नाही.

कळंबच्या पाच तायांच्या अडचणी मी दोन पानांत लिहून, फोनच्या पडद्याचे फोटो लावून संबंधित कार्यालयाला ईमेलनं आणि पोस्टानं पाठवल्यात. पोस्टाची पोच आलीय, उत्तर अजून नाही. ज्यांचा अर्ज फोटोपाशी अडला होता त्या ताईंचा फोटो आम्ही लहान करून दिला, तो अर्ज गेला. जिल्हा सापडला नव्हता त्या ताईंना घेऊन मी पुढच्या सोमवारी परत बसणार आहे. पुढची बॅच भूमला. येताना फोन चार्ज करून आणा आणि घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. अर्ज त्यांनीच भरायचाय, तुम्ही फक्त बघायचंय.