असणे आणि सापडणे

फलंदाज धावचीत झाला की दूरदर्शनसंचावर तोच प्रसंग क्षणार्धात पुन्हा दिसतो, आणि आपण यंत्राची वाहवा करतो. पण वाचकहो, त्या यंत्रापुढे एक माणूस बसलेला असतो! समोर बटणांचा फलक, हाताखाली चित्राचा वेग कमीजास्त करणारी दांडी. यंत्र सारेच टिपून ठेवते. कोठून कोठवर दाखवायचे याची खूण मात्र तो करतो, तुकड्याला नाव देतो आणि दिग्दर्शकाने मागताच पुढे करतो.

७ डिसेंबर १९६३ रोजी अमेरिकेत टोनी व्हर्ना यांनी फुटबॉलच्या सामन्यात हा प्रयोग केला, तेव्हा गुण पुन्हा मिळालेले नाहीत, असा खुलासा निवेदकाला करावा लागला! पुढे १९९२ साली दरबानच्या कसोटीत आपला सचिन तेंडुलकर अशाच चित्रांवरून धावचीत ठरला. तिसऱ्या पंचाने बाद दिलेला तो पहिला फलंदाज.

ग्रंथालयात पुस्तक असणे निराळे अन् वेळेवर सापडणे निराळे, हे आम्हा मास्तरमंडळींना चांगले ठाऊक आहे. येथे तर शोधायला काही सेकंदच मिळतात, आणि मैदानावर फलंदाज निकालाची वाट पाहत उभा असतो.